बेसबॉल हॉल ऑफ फेममधील पिचरांच्या निवडीचा वाद

बेसबॉल हॉल ऑफ फेम हे अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या गावी असलेले बेसबॉलपटूंचे सन्मानदालन व संग्रहालय आहे. कोणत्या पिचरला (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) या दालनात स्थान मिळावे, हा अमेरिकी क्रीडाजगतातील जुना आणि अद्याप न मिटलेला वाद आहे. १९३६ साली निवडलेल्या पहिल्या पाच खेळाडूंत वॉल्टर जॉन्सन व क्रिस्टी मॅथ्यूसन हे दोन पिचर होते.

निवडीची पद्धत

किमान दहा हंगाम खेळलेल्या आणि निवृत्त होऊन पाच वर्षे लोटलेल्या खेळाडूंवर बेसबॉल लेखकांच्या संघटनेचे ज्येष्ठ सदस्य मतदान करतात. निवडीसाठी ७५ टक्के मते आवश्यक असतात. पाच टक्क्यांहून कमी मते मिळाल्यास नाव यादीतून कायमचे वगळले जाते. यादीत राहण्याची मुदत पूर्वी पंधरा वर्षे होती. २०१४ मध्ये ती दहा वर्षांवर आणली गेली. मुदत संपलेल्यांचा विचार पुढे स्वतंत्र समित्या करतात.

विजयसंख्येचा निकष

क्रिकेटमध्ये सामन्यातील जय-पराजय एकट्या गोलंदाजाच्या नावावर कोणी मांडत नाही. बेसबॉलमध्ये मात्र प्रत्येक सामन्याचा विजय एका पिचरच्या आणि पराभव दुसऱ्या पिचरच्या खात्यावर जमा होतो. सामना सुरू करणाऱ्या पिचरने किमान पाच डाव टाकले, तो बाहेर पडताना संघ आघाडीवर असला आणि ती आघाडी अखेरपर्यंत टिकली, तरच विजय त्याचा. म्हणजे पिचरने उत्तम कामगिरी केली, पण त्याच्या फलंदाजांनी धावाच काढल्या नाहीत, तर श्रेय शून्य. तरीही ३०० विजय हा दीर्घकाळ सन्मानाचा जणू परवाना मानला गेला. हा टप्पा चोवीस पिचरांनी गाठला असून, २००९ साली तो गाठणारे रँडी जॉन्सन हे त्यांतील शेवटचे. साय यंग यांचे ५११ विजय आज अशक्यप्राय वाटतात, कारण आता सामने पाळीपाळीने पाच पिचरांत वाटले जातात आणि संपूर्ण सामना एकट्याने टाकणे दुर्मीळ झाले आहे.

या निकषाविषयीचा मतभेद बर्ट ब्लायलेव्हन व जॅक मॉरिस यांच्या तुलनेत सर्वांत स्पष्ट दिसतो. ब्लायलेव्हन यांचे विजय २८७, स्ट्राइकआउट ३,७०१. मात्र कारकिर्दीचा बराच काळ ते दुबळ्या संघांकडून खेळले. १९९८ साली त्यांना अवघी १७.५ टक्के मते होती. आकडेशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यांची बाजू वर्षानुवर्षे लावून धरली आणि २०११ मध्ये, चौदाव्या प्रयत्नात, ते निवडून आले. मॉरिस यांचे समर्थक आकड्यांपेक्षा एका सामन्याकडे बोट दाखवत: १९९१ च्या जागतिक मालिकेतील सातव्या सामन्यात त्यांनी दहा डाव एकही धाव न देता टाकले आणि मिनेसोटा ट्विन्सने १-० असा विजय मिळवला. विरोधकांचे उत्तर असे की, दर नऊ डावांमागे ३.९० धावा ही त्यांची कारकिर्दीची सरासरी सामान्यच होय. लेखकांनी त्यांना अखेरपर्यंत निवडले नाही. २०१७ च्या डिसेंबरात समितीने निवडले. एका रात्रीचा पराक्रम अविस्मरणीय खरा, पण त्या बळावर अठरा हंगामांचे मोजमाप करणे सयुक्तिक ठरत नाही.

अल्पकाळाचे तेज

डाव्या कोपराच्या संधिवातामुळे सँडी कूफॅक्स तिसाव्या वर्षीच निवृत्त झाले. विजय केवळ १६५. पण १९६२ ते १९६६ या सलग पाच हंगामांत आपल्या लीगमध्ये सर्वांत कमी धावसरासरी त्यांचीच होती. १९७२ मध्ये ते सहज निवडले गेले. दोनदा साय यंग पुरस्कार मिळवणारे योहान सांताना यांची कारकीर्दही दुखापतींनी खुंटली. त्यांना २०१८ मध्ये २.४ टक्के मते मिळाली आणि पहिल्याच वर्षी नाव बाद झाले. सांताना कूफॅक्सच्या तोडीचे होते असे कोणी म्हणत नाही. मात्र त्यांच्या दाव्यावर पुरेशी चर्चाही झाली नाही, ही तक्रार रास्त आहे.

चारित्र्याचा प्रश्न

मतदारांनी खेळाडूची सचोटी व खिलाडूवृत्तीही पाहावी, असे नियम सांगतो. रॉजर क्लेमेन्स यांचे ३५४ विजय आणि सात साय यंग पुरस्कार असूनही, उत्तेजक द्रव्यांविषयीच्या २००७ च्या मिचेल अहवालात नाव आल्याने ते २०२२ च्या अखेरच्या मतदानात ६५.२ टक्क्यांवर थांबले. आरोप त्यांनी नेहमीच नाकारले असून, शपथेवर खोटे बोलल्याच्या खटल्यातून २०१२ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तताही झाली. तीनशेहून अधिक विजय मिळवूनही दालनाबाहेर राहिलेले ते एकमेव पिचर आहेत.

वगळलेल्यांचा इतिहास

सॅचेल पेज यांना वर्णभेदामुळे १९४८ पर्यंत मेजर लीगचे दार बंद होते. ते उघडले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. कृष्णवर्णीयांच्या लीगमधील त्यांच्या उमेदीच्या काळाच्या नोंदी अपुऱ्या आहेत आणि दहा हंगामांची अट त्यांच्यासारख्याला लावणे अन्यायाचेच ठरले असते. १९७१ साली खास समितीमार्फत त्यांची निवड झाली. प्रारंभी अशा खेळाडूंचा सन्मान वेगळ्या विभागात करण्याचा विचार होता. टीकेनंतर तो सोडून देण्यात आला.