बचत गटाचं कर्ज नेमकं कशासाठी?

वाशिष्ठीच्या मुखावरच्या अंजनवेलसारख्या बंदरगावात मासळी विकणाऱ्या बाईची अडचण हंगामाची असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद; तेव्हा विकायची ती सुकी मासळी, आणि ती मे महिन्यातच भरून ठेवायची तर रोकड आधी हवी. एवढ्याशा कर्जाची कागदपत्रं बँकेला परवडत नाहीत. म्हणून दहा ते वीस बायका बचत गट करून दरमहा ठरलेली रक्कम जमवतात आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात. १९९२ मध्ये नाबार्ड या राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेने असे ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रात आता महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान ('उमेद') हे काम करतात.

गटाने कर्जावर महिना दोन टक्के व्याज घेतलं तर ते वर्षाला २४ टक्के, ही सावकारीच नव्हे का? नव्हे, सदस्यांचं व्याज गटाच्याच गंगाजळीत राहतं. दुसरा आक्षेप जड आहे. हैदराबादेत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो प्रभृती अर्थतज्ज्ञांनी केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सूक्ष्मकर्जामुळे कुटुंबांचा सरासरी उपभोग वाढलेला आढळला नाही. हे मान्यच करावं. पण ती कर्जं बाहेरच्या सूक्ष्मवित्त कंपनीची होती, बायकांच्या स्वतःच्या बचतीतली नव्हे, आणि गरिबी हटली नाही तरी हंगामाची खिंड ओलांडणं हाही मोठा आधार आहे. मात्र पावसाळ्यात हप्ता थांबवायचा की नाही, हे गटाने मे महिन्यातच ठरवून वहीत लिहून ठेवावं.