संवादलेखन, भाग ७ : बोलीचे शब्द पेरून पात्र बोलत नाही

गोरेगाव पूर्वेच्या चित्रनगरीत १९७७ पासून किती घरं उभी राहिली आणि मोडली, याची गणती नाही. त्या घरांतली सासू, मोलकरीण आणि कॉलेजात जाणारी मुलगी मात्र पुष्कळदा एकाच लेखणीतून उतरलेली कळते. नावं झाकून संवाद वाचले तर कोण बोलतंय ते ओळखू येत नाही. मग कुणीतरी सुचवतं, मोलकरणीला जरा गावरान करा. दोन 'लई' आणि एक 'बगा' घातले जातात. वाक्य पुस्तकी ते पुस्तकीच राहतं.

नवं नाम माणूस दोन दिवसांत उचलतो, पण क्रियापदाची सवय जन्मभर सुटत नाही. म्हणून बोली आधी व्याकरणात शोधावी. इथल्या एखाद्या चाळीत तीन बायका आहेत असं धरू. तिघींनाही गावी जायचं तिकीट मिळालेलं नाही. मुंबईत वाढलेली म्हणेल, "तिकीटच नाय भेटलं, बोलली मी त्याला." मालवणकडची म्हणेल, "माका तिकीट गावूक नाय." कोल्हापूरची म्हणेल, "तिकीट मिळंना, तशीच परत आलो." 'आलो' ही चूक नव्हे, तिकडच्या बायका स्वतःविषयी सहज असंच बोलतात. 'बोलली', 'गावूक नाय', 'आलो' एवढ्यानं तिघी वेगळ्या झाल्या. यात ठेवणीतला गावरान शब्द एकही नाही.

उच्चाराची गोष्ट जास्त नाजूक आहे. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' केलं, ते १९७५ साली रंगभूमीवर आलं आणि भक्ती बर्वे यांनी त्यातली मंजुळा अजरामर केली. शॉची लंडनची फुलवाली शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गाळते आणि तेवढ्यावरून तिची पायरी ठरते. मराठीत ती खूण कामाची नाही. आपला कान आधी 'न' आणि 'ण', 'स' आणि 'श' यांच्यावर जातो. त्या कानामागे शाळा कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, याचा मोठा इतिहास आहे. म्हणून पात्राच्या तोंडी 'पानी' घालताना आपण त्याला हसण्यासाठी पुढे करतो आहोत का, हे लेखकानं स्वतःला विचारलंच पाहिजे. 'अशुद्ध' हा शब्द या लेखमालेत मी वापरणार नाही.

शॉच्या नाटकातला तिसरा अंक तर प्रत्येक संवादलेखकानं अभ्यासावा. फुलवालीचे उच्चार तोवर निर्दोष झालेले आहेत, आणि त्याच निर्दोष उच्चारांत ती प्रतिष्ठितांच्या बैठकीत मावशीच्या संशयास्पद मरणाची हकिगत सांगते. ध्वनी बदलला, पण काय सांगण्याजोगं आहे याची तिची जाण जुन्या गल्लीतलीच राहिली. पात्राचा आवाज मला तिथे सर्वांत खोल जाणवतो.

पु.लं.चं लहानपण आपल्या शेजारच्या जोगेश्वरीत गेलं. त्यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तला पेस्तनकाका मराठी बोलताना लिंगवचनाची पर्वा करत नाही, आणि तेवढ्यानं पारशी घर उभं राहतं. रत्नागिरीचा अंतू बर्वा कौतुकसुद्धा तिरकं, टोमण्याच्या वाटेनं करतो. त्याच्या मनातलं दुःख त्याच तिरकसपणातून कळतं. पण या बाबतीत मला सखाराम गटणे सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्याला कुठली बोलीच नाही. तो छापील मराठी तोंडानं बोलतो, वाक्यं नीट पूर्ण करतो, साध्या गोष्टीलाही जड शब्द शोधतो. तरी एका वाक्यात ओळखू येतो, कारण पुस्तकांखेरीज त्या मुलानं अजून काही पाहिलेलंच नाही.

आणखी एक. माणसाला एकच आवाज नसतो. गोरेगावचा तरुण मित्राला 'मी बोललो' सांगतो, नोकरीच्या मुलाखतीत तोच 'मी म्हणालो' म्हणतो, आणि गावाहून आजीचा फोन आला की थेट मालवणीत शिरतो. आईला 'ए आई', होणाऱ्या सासूला 'अहो आई'. समोरचा बदलल्यावरही पात्र तसंच बोलत राहिलं, तर तो प्रसंग पुन्हा लिहावा लागतो.

या आठवड्याचा सराव : आपल्या इमारतीतल्या तीन माणसांना पाणी आलं नसल्याचं सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगू द्या. बोलीतलं एकही खास नाम वापरू नका. क्रियापद, हाक आणि वाक्याचा क्रम एवढ्यावरच तिघं वेगळे करा.

पुढच्या भागात निवेदकाचा आवाज. त्यासाठी १९६३ सालची 'कोसला' हाताशी ठेवा. पांडुरंग सांगवीकर स्वतःची गोष्ट कोणत्या भाषेत सांगतो, ते आपण पाहणार आहोत.