डब्यातलं सोनं कोण मोजणार?

मे २०२४ मधली गोष्ट. लोकसभेचा प्रचार ऐन रंगात आला होता. बीडचं मतदान १३ तारखेला होतं. गेवराई तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची मीटिंग होती आणि हिशेबाची वही तपासायला मला बोलावलं होतं. मारुतीच्या देवळात सतरंजी टाकून चौदा जणी बसलेल्या. हप्ते गोळा झाले, सह्या-अंगठे झाले, चहा झाला. तरी उठायचं नाव कुणी घेईना. शेवटी मागे बसलेल्या एका मावशींनी हळूच विचारलं,

"बाई, एक इचारू का? टीव्हीवर सांगायलेत, सरकार आता घराघरातलं सोनं मोजणार म्हनं. मंगळसूत्रावर बी टॅक्स लागणार. खरं हाय का?"

एकदम सगळ्यांचे हात गळ्याकडे गेले. मग आमचं आम्हालाच हसू आलं. पण त्या हसण्यात भीतीही होतीच. त्या उन्हाळ्यात वारसा कर, संपत्तीचं वाटप, मंगळसूत्र हे शब्द सभांमधून इतके गाजले की कुणालाही धास्ती वाटावी. कोण खरं नि कोण खोटं या वादात मला पडायचं नाही. मी कॉलेजात कॉमर्स शिकवते. 'संपत्ती कर' हे प्रकरण फळ्यावर कितीदा तरी लिहिलं असेल. पण मावशींना समजेल असं उत्तर त्या दिवशी काही देता आलं नाही. "पुढच्या मीटिंगला सांगते" म्हणाले आणि घरी येऊन जुनी पुस्तकं काढली. मैत्रिणींनो, त्यातून जे हाती लागलं, ते तुम्हालाही सांगते.

भिकारी आणि सोन्याची पेटी

पहिली गोष्ट ही, की हा कर नवा नाही. आपल्या देशात तो होता, चांगला अठ्ठावन्न वर्षं होता.

१९५६ च्या सुरुवातीला केंब्रिजचे एक अर्थतज्ज्ञ भारतात आले. त्यांचं नाव निकोलस काल्डोर. तेव्हा अर्थमंत्री होते आपले सी. डी. देशमुख, म्हणजे रायगडचे चिंतामणराव. मेल्यानंतर मागे राहणाऱ्या मालमत्तेवरचा कर, म्हणजे इस्टेट ड्युटी, त्यांच्याच काळात १९५३ साली आली होती. स्वतंत्र देशाला धरणं बांधायची, कारखाने काढायचे, तर पैसा कुठून आणायचा आणि तो श्रीमंताकडून नेमका कसा घ्यायचा, हे काल्डोर यांना विचारलं गेलं.

त्यांनी आपल्या अहवालात एक उदाहरण दिलं आहे. ते वाचून मी थबकलेच. एक भिकारी आहे, त्याच्याकडे ना उत्पन्न ना मालमत्ता. दुसरा एक माणूस आहे, त्याने आपली सगळी दौलत सोन्यात आणि दागिन्यांत ठेवली आहे. सोन्याला काही व्याज येत नाही, म्हणजे त्याचंही उत्पन्न शून्य. नुसतं उत्पन्न बघून कर लावायचा तर दोघं सारखेच ठरतात! म्हणून काल्डोर यांचं म्हणणं असं, की माणूस मिळवतो किती एवढंच विचारू नका, त्याच्याकडे आहे किती हेही विचारा.

हे आपल्याला शिकवायची गरज नाही. मुलगी द्यायची तर आपण पगार विचारतो, आणि मग रान किती, घर कुणाच्या नावावर, हेही विचारतो. तसंच हे.

१९५७ साली संपत्ती कराचा कायदा झाला. दोन लाखांच्या वर ज्याची संपत्ती, त्याने दरवर्षी तिचा थोडासा भाग कर म्हणून द्यायचा. तेव्हा सोनं तोळ्याला शंभर रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे जवळजवळ दोन हजार तोळे सोनं असेल तोच या करात यायचा.

दागिना अंगावरचा की पेटीतला?

कर लावणं सोपं, पण मोजायचं काय हे ठरवणं फार अवघड. तज्ज्ञांचं खरं डोकं इथेच चालतं आणि इथेच अडतंही. या मोजणीच्या भांडणात सुरुवातीपासून बाईचा दागिना मधोमध होता.

मूळ कायद्यात घरातल्या वापराच्या वस्तूंना माफी होती. भांडी, कपडे, सामान, म्हणजे माणूस स्वतः वापरतो त्या वस्तू. गुजरातमधल्या एका बाईंनी विचारलं, माझे दागिने मी स्वतः अंगावर घालते, मग तेही वापरातलेच की! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७० साली न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. पण सरकार गप्प बसलं नाही. १९७१ मध्ये कायदा बदलून 'या माफीत दागिने धरायचे नाहीत' असं लिहिलं, तेही मागच्या तारखेपासून लागू करून. आणि गंमत बघा, राजेरजवाड्यांच्या वंशपरंपरेच्या दागिन्यांना मात्र त्याच कायद्यात वेगळी सूट होती.

आणखी एक कलम सांगते. नवऱ्याने बायकोला मोबदला न घेता एखादी मालमत्ता दिली, तर ती कायदा नवऱ्याच्याच संपत्तीत मोजायचा. कारण साधं होतं. कर चुकवायला लोक सगळं बायकोच्या नावावर करतात. ते खोटं होतं का? नव्हतं. पण यातून एक गोष्ट उघडी पडली. माहेरून आलेलं तेवढं तिचं, आणि नवऱ्याने हौसेने केलेलं कायद्याच्या वहीत पुन्हा त्याचंच.

बहात्तरचं साल

शेतजमीन सुरुवातीला या करात नव्हती. मोठ्या बागायतदारांना सूट का, असं विचारलं जाऊ लागलं आणि १९७० च्या सुमारास ती करात आणली गेली. १९७२ मध्ये केंद्र सरकारने अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांची समिती नेमली. जमीन किती एकर यापेक्षा ती पिकवू किती शकते हे बघून मोठ्या जमीनधारकांवर कर बसवावा, असं त्या समितीने सुचवलं. राज्यांनी ते काही उचललं नाही, आणि पुढे शेतजमीन पुन्हा मोजणीतून सुटली.

बहात्तर साल म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या बायकांना दुसरंच आठवतं. दुष्काळ, खडी फोडायची कामं, सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरी. त्याच दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ साली खास कर बसवले गेले. शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर आला. बागायती जमिनीवर आणि शहरातल्या दुकान-कचेऱ्यांच्या इमारतींवरही आकारणी आली. आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने टाकायची असं ठरलं. मास्तरांच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये कापले जातात ना, तो हाच व्यवसाय कर. (महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना २०२३ पासून तो माफ आहे.) ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घ्यायचं आणि ज्याच्या हाताला काम नाही त्याला काम द्यायचं, अशी सरळ जोडणी होती. लोकांनी ती फारशी कुरकुर न करता मानली, कारण पैसा कुठे जातोय हे दिसत होतं.

हार मोजला, शेअर सुटले

संपत्ती कराचं मात्र तसं झालं नाही. १९९३ पासून तर त्याचा पार सांगाडाच उरला. राजा चेलय्या यांच्या समितीने सांगितलं, की उद्योगात गुंतलेला पैसा करातून वगळा, म्हणजे लोक गुंतवणूक करतील. विचार वाईट नव्हता. पण त्यामुळे शेअर सुटले, बँकेतल्या ठेवी सुटल्या, रोखे सुटले. मोजायला उरलं काय? राहत्या घराखेरीज जादा घर, शहरातली मोकळी जागा, मोटारी, हातातली मोठी रोकड, आणि दागिने! कोट्यवधींचे शेअर असलेला माणूस करमुक्त आणि लॉकरमधला हार करात, असा उलटा न्याय झाला.

शेवटी शेवटी मर्यादा ३० लाख होती आणि दर वरच्या रकमेवर एक टक्का. २०१३-१४ मध्ये साऱ्या देशातून या कराचे जमले १,००८ कोटी. एवढ्या मोठ्या देशात हे काहीच नाही. २८ फेब्रुवारी २०१५ ला अर्थमंत्री अरुण जेटलींनी हा कर रद्द केला आणि वर्षाला एक कोटीवर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला. इस्टेट ड्युटी तर १९८५ मध्येच गेली होती. ती वर्षाला जेमतेम वीस कोटी आणायची.

म्हणजे मावशींच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे: आज आपल्याकडे संपत्ती कर नाही आणि वारसा करही नाही.

आता तज्ज्ञ काय म्हणतात?

मग पुन्हा चर्चा का? कारण दरी वाढत चालली आहे. पॅरिसच्या जागतिक विषमता प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाने २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाची ४० टक्के संपत्ती होती. त्यांनी एक आराखडाही सुचवला: दहा कोटींच्या वर निव्वळ संपत्ती असेल तर दरवर्षी दोन टक्के कर, आणि तेवढ्याच मोठ्या वारशावर ३३ टक्के. त्यांच्या मते शंभरातल्या ९९.९६ प्रौढ माणसांना याचा स्पर्शही होणार नाही. त्याच वर्षी गॅब्रिएल झुकमन या अर्थतज्ज्ञाने जी-२० देशांपुढे जगातल्या सुमारे तीन हजार अब्जाधीशांवर दोन टक्क्यांचा किमान कर सुचवला.

दहा कोटी म्हणजे किती? तोळा एक लाख धरला तर दहा किलो सोनं! गटात हे सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "दहा किलो तर ज्वारी बी निवडायला दुपार जाती."

पण विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही फेकून देण्यासारखं नाही. १९९० मध्ये बारा श्रीमंत देशांत हा कर होता, २०१७ पर्यंत चारच उरले. श्रीमंत माणूस देश बदलतो, पैसा बाहेर नेतो. दुसरं, किंमत कोण ठरवणार? शेअरचा भाव रोज कळतो. जागेचा रेडी रेकनरचा भाव वेगळा आणि खरा वेगळा. तिसरी अडचण आपल्या ओळखीची. जुना मोठा वाडा आहे, पण त्यात राहणाऱ्या म्हातारीला महिन्याचं उत्पन्न काही नाही. ती कर कशातून भरेल? म्हणून तज्ज्ञ म्हणतात, मर्यादा इतकी उंच ठेवा की साधा माणूस येऊच नये, सूट कमीत कमी द्या, आणि हातात रोकड नाही त्याला मुदत द्या. आपला जुना कर कशामुळे बुडाला, ते यावरून कळतं. त्यात सुटायला वाटा फार होत्या, आणि त्या ठाऊक होत्या मोठ्यांनाच.

एक कामाची गोष्ट लक्षात ठेवा. आयकर खात्याची १९९४ ची सूचना आहे. झडतीत विवाहित स्त्रीकडचे ५० तोळ्यांपर्यंत, अविवाहित मुलीकडचे २५ आणि पुरुषाकडचे १० तोळ्यांपर्यंत दागिने जप्त करू नयेत. ही सोनं बाळगायची मर्यादा नव्हे. हिशेब देता येत असेल तर त्याहून जास्तही ठेवता येतं. तेव्हा चार तोळ्यांसाठी झोप घालवू नका.

आमच्या वहीतली मोजणी

पुढच्या मीटिंगला मी हे सगळं सांगितलं. मग म्हटलं, चला, तज्ज्ञ मोजतात तसं आपणही मोजू. वहीत तीन रकाने पाडले: वस्तू, किंमत, नाव कुणाचं. पत्र्याचं घर, दोन शेळ्या, शिलाई मशीन, डोरलं, कानातलं, दीड एकर कोरडवाहू. किंमतीचा रकाना भराभर भरला. बायकांना सगळ्या किंमती तोंडपाठ. तिसऱ्या रकान्याशी मात्र पेन थांबलं. घर नवऱ्याचं, रान सासऱ्याचं, दरवर्षी घरपट्टी भरायला जाते ही, पण पावती त्याच्या नावाची. सोनं तेवढं 'माझं' असं सगळ्या म्हणाल्या.

तेव्हा कोपऱ्यातली एक तरणी पोर बोलली. ऊसतोडीला जायची, नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. "माझं बी माझंच होतं. ह्यांच्या दहाव्याला सासूनं डबा ठिवून घेतला. म्हन्ली, आमच्या लेकानं केलेलं हाय. माझ्याकडं चिठ्ठी बी नव्हती." देवळात कुणी काही बोललं नाही.

सरकार डबा मोजेल या भीतीने आमची मीटिंग लांबली होती. तिचा डबा तर घरातच मोजून झाला होता.

त्या दिवशी आम्ही दोन ठराव केले. सोन्याची पावती बाईच्या नावाने घ्यायची, आणि माहेरहून आलेल्या दागिन्यांची यादी करून त्यावर आई-वडिलांची सही घ्यायची. दुसरं, घराला आपलं नाव लावून घ्यायचं. ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावावं, असा शासनाचा निर्णय २००३ पासून आहे. नवऱ्याला राजी करून ग्रामसेवकाकडे अर्ज द्यायचा. कर जेव्हा यायचा तेव्हा येवो, नाही तर न येवो, पण आपलं काय आहे हे कागदावर असायला हवं.

चौदापैकी पाच जणींची नावं घराच्या उताऱ्यावर आली आहेत. मावशींचा अर्ज अजून पंचायतीत आहे. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "ग्रामसेवक म्हनला, म्हातारपणी नाव लावून काय करती? म्या म्हनलं, घरपट्टी कोण भरतंय ते वहीत बघ की!"