पिळदार शरीराची उसनी ताकद

भोसरी, चिखली, मोशीपासून थेट चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत कुठेही थांबले, तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स नजरेतून सुटत नाहीत. त्यावरील 'दादां'च्या चेहऱ्यांत एरवीही फारसे वेगळेपण नसते. अलीकडे ते दंडांतही उरलेले नाही. अंगाला चिकटलेला टी-शर्ट, तटतटलेले दंड, रुंद छाती आणि नजरेत जरब. हीच प्रतिमा फ्लेक्सवरून मोबाइलमधल्या रीलमध्ये उतरते आणि तिथून गल्लीतल्या जिमच्या आरशावर येऊन आदळते. त्या आरशासमोर मराठवाड्यातून, विदर्भातून किंवा उत्तर प्रदेश-बिहारमधून कामासाठी आलेला विशीतला तरुण उभा असतो. तो कंत्राटी कामगार असतो. एका खोलीत चौघे-पाच जण राहतात, जेवण मेसचे. शिफ्ट संपवून तो नेमाने जिमला जातो. चार-सहा महिने लोटूनही आरशातला माणूस फारसा बदलत नाही, तेव्हा शेजारी डंबेल उचलणारा कुणीतरी हळूच एक उपाय सुचवतो. हा उपाय बहुधा एका छोट्या काचेच्या बाटलीत असतो.

पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले. त्यानंतरच्या काळात पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही हद्दींत एका विशिष्ट इंजेक्शनच्या बेकायदा विक्रीचे गुन्हे पुन्हा पुन्हा नोंदले गेले. जिमला जाणाऱ्या तरुणांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकले जाणारे हे औषध म्हणजे मेफेन्टरमाइन सल्फेट. बातमीत त्याचा उल्लेख 'बॉडी बनवण्याचे इंजेक्शन' असा होतो आणि गैरसमजाची सुरुवात तिथेच होते. या औषधाने बॉडी बनत नाही. मुळात ते त्यासाठी तयारच झालेले नाही.

मेफेन्टरमाइन हे शस्त्रक्रियागृहातले औषध आहे. सिझेरियनसारख्या शस्त्रक्रियेसाठी पाठीच्या कण्यात भूल दिली, की काही रुग्णांचा रक्तदाब एकाएकी खाली येतो. अशा वेळी तो सावरण्यासाठी भूलतज्ज्ञ या औषधाची लहान मात्रा शिरेतून देतात. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरअॅड्रेनालिन त्यामुळे बाहेर पडते, हृदय जोराने आकुंचन पावते आणि रक्तदाब वर येतो. त्या वेळी रुग्ण टेबलावर असतो, मॉनिटरवर त्याच्या हृदयाची लय दिसत असते आणि काही बिघडलेच तर सावरणारे हात शेजारी असतात. भूलतज्ज्ञ एका वेळी सर्वसाधारणपणे सहा मिलिग्रॅमच्या आसपास औषध देतात. बाजारात मिळणाऱ्या दहा मिलिलिटरच्या बाटलीत, दर मिलिलिटरला तीस या प्रमाणात, तीनशे मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे जिमच्या कपडे बदलण्याच्या खोलीत हातोहात फिरणारी ती एक बाटली शस्त्रक्रियागृहातल्या सुमारे पन्नास मात्रांएवढी भरते. ती कुणी किती भरायची, हे सांगणारा तिथे फार तर जिमचा ट्रेनर असतो.

ज्या शहराची ओळखच औषधाच्या कारखान्याने सुरू झाली, तिथे हे घडावे, हा योगायोग विचित्र आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, ती देशाला पेनिसिलिन स्वस्तात मिळावे म्हणून. इंजेक्शन म्हणजे जीव वाचवणारी वस्तू, हा विश्वास या परिसरातल्या दोन-तीन पिढ्यांनी जवळून पाहिला. 'डॉक्टरकडचेच औषध आहे, मग त्यात वाईट काय असणार?' या आजच्या युक्तिवादामागे थोडाफार तोच विश्वास असावा.

मग घेणाऱ्याला फायदा झाल्यासारखे का वाटते? कारण या औषधाचे नाते उत्तेजकांशी आहे. रासायनिक कुळाने ते अॅम्फेटामिनच्या जवळचे. ते घेतल्यावर थकवा जाणवत नाही, झोप उडते, वजन उचलताना अंगात वारे भरल्यासारखे वाटते. नाडी धडधडते, शिरा तट्ट फुगतात आणि आरशात त्या क्षणी शरीर खरेच वेगळे दिसते. व्यायामशाळेच्या भाषेत त्याला 'पंप' म्हणतात. तो तासाभरात ओसरतो. स्नायू मात्र वजन उचलताना वाढत नसतात. व्यायामाने त्यांच्या तंतूंवर ताण येतो, बारीक इजा होते. पुढच्या दिवसा-दोन दिवसांत अन्नातली प्रथिने आणि झोप यांच्या बळावर त्यांची डागडुजी होते आणि त्यातूनच ते जाड होत जातात. मेफेन्टरमाइन नेमके याच्या उलट वागते. ते झोप उडवते आणि भूक मारते. शरीरात त्याचे अंशतः फेन्टरमिन होते आणि फेन्टरमिन तर भूक कमी करून वजन उतरवण्यासाठी वापरले जाणारे औषध आहे! अंगावर मांस चढावे म्हणून तरुण जे टोचून घेतो, ते त्याच्या ताटातली भाकरी काढून घेते.

थकवा ही शरीराने दिलेली सूचना असते. ही सूचना बंद पाडणे चाकणच्या पट्ट्यात अधिक घातक ठरते, कारण तिथला कामगार आधीच थकलेला असतो. आठवड्याआड बदलणाऱ्या शिफ्ट, रात्रपाळीनंतर दिवसा तुटक तुटक लागणारी झोप, ओव्हरटाइमची ओढ आणि मेसमधला पातळ डाळ-भात यांवर पोसलेल्या शरीरावर हे औषध पडते. उसने घेतलेले तीन तास नंतर गळून जाण्याने, चिडचिडीने, उदासीने फेडावे लागतात. मग तो गळाठा घालवण्यासाठी पुन्हा तीच सुई. काही जणांना व्यायामाआधीच नव्हे, तर कामावर जाण्याआधीही ती लागू लागते. या औषधाचे व्यसन लागल्याच्या, भास होऊन मन बिघडल्याच्या आणि हृदयाचे स्नायू कमकुवत झाल्याच्या नोंदी भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. हृदयाची लय बिघडणे आणि रक्तदाब अतोनात चढणे हे तर याचे थेट परिणाम. मेंदूतील रक्तस्रावाचा धोकाही त्यातूनच येतो. एकच सुई दोघा-तिघांत फिरली, तर कावीळ बी व सी आणि एचआयव्ही यांचे संकट वेगळेच.

प्रश्न असा, की एवढा धोका पत्करून गाठायचे ते शरीर कुठून आले? सौंदर्याच्या कसोट्यांची चर्चा आपल्याकडे आजवर बहुधा स्त्रियांपुरती होत असे. १९७५ मध्ये आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने गोरेपणाची बाजारपेठ उभी केली, तिला 'ग्लो अँड लव्हली' हे नाव घ्यायला २०२० उजाडले. मधल्या काळात, २००५ मध्ये, पुरुषांसाठी वेगळे गोरेपणाचे क्रीमही बाजारात आले. पुरुषही आता आरशापुढे अडतो, हे व्यापाऱ्यांनी समाजाच्या आधी ओळखले. पाठोपाठ चित्रपटांनी शरीराचे मोजमाप दिले. २००७ मध्ये 'ओम शांती ओम'मधल्या शाहरुख खानच्या आणि २००८ च्या डिसेंबरमध्ये 'गजनी'तल्या आमिर खानच्या पोटावरच्या घड्यांची चर्चा चित्रपटांच्या कथेपेक्षा जास्त झाली. 'सिक्स पॅक' हा शब्द गावोगावी पोहोचला तो याच सुमारास.

पडद्यावरचे हे शरीर बारमाही नसते, हे मात्र त्याबरोबर पोहोचले नाही. त्यामागे महिनोन्महिने प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ आणि स्वयंपाकी राबतात. चित्रीकरणाच्या आधी पाणी आणि मीठ तोडून त्वचा स्नायूंवर घट्ट बसवली जाते. ऐन वेळी वजने उचलून शिरा फुगवल्या जातात आणि मग तेल, प्रकाश व कॅमेऱ्याचा कोन उरलेले काम करतात. एका दिवसाचे हे रूप पाहणाऱ्याच्या मनात वर्षभराचे माप होऊन बसते. समाजमाध्यमांवर तर एवढाही पडदा नाही. कच्चे यकृत खाऊन शरीर कमावल्याचे सांगणारा 'लिव्हर किंग' नावाचा अमेरिकी इसम लाखो चाहत्यांचा आदर्श होता. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आपण स्टेरॉइड घेत असल्याची कबुली त्याला द्यावी लागली.

हे माप कसे सरकत गेले, याचा मासला खेळण्यांत सापडतो. अमेरिकेतील हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये 'जी. आय. जो' या सैनिक-बाहुल्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मोजल्या. मोठ्या माणसाच्या उंचीला लावून पाहता जुन्या बाहुल्याचा दंड सुमारे बारा इंचांचा भरला. नव्वदच्या दशकातल्या 'एक्स्ट्रीम' बाहुल्याचा दंड सत्तावीस इंचांच्या घरात! असा दंड जिवंत माणसाचा नसतो. याच संशोधकांनी शरीर पुरेसे पिळदार असूनही स्वतःला किडकिडीत समजण्याच्या विकाराचे वर्णन केले. २०१३ पासून मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणातही त्याला स्थान आहे. या विकारातला माणूस जेवणाची आमंत्रणे टाळतो, व्यायाम चुकला तर अस्वस्थ होतो, दिवसातून कितीदा तरी आरसा पाहतो आणि सैल कपड्यांत अंग झाकतो. घरच्यांना वाटते, पोरगा निर्व्यसनी आहे, जिमला जातो.

वास्तविक बलोपासना या भूमीला नवी नाही. खेड, मावळ, मुळशी हे तालुके तालमींचे. चाकण ज्या खेड तालुक्यात येते, त्याच तालुक्यातल्या राक्षेवाडीच्या शिवराज राक्षेने २०२३ च्या जानेवारीत पुण्यात 'महाराष्ट्र केसरी'ची गदा उचलली. तालमीतल्या पैलवानाच्या पोटावर सहा घड्या मोजत कुणी बसत नाही. त्याची पारख मातीत होते आणि वस्ताद त्याला मेहनतीइतकाच खुराक व झोप यांचा हिशेब विचारतो. अर्थात तालीम म्हणजे सगळे सोवळे, असेही मानू नये. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर उत्तेजक चाचणीत सापडला. आपल्याविरुद्ध घातपात झाल्याचा त्याचा दावा क्रीडा लवादाने मानला नाही आणि त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. मेफेन्टरमाइनही खेळाडूंसाठी निषिद्ध आहे. फरक इतकाच, की खेळाडूला निदान चाचणीचे भय असते. गल्लीतल्या जिममध्ये नमुना घ्यायला कुणी येत नाही.

तिथे मेफेन्टरमाइनच्या जोडीला दुसरी मालिका असते ती अॅनाबॉलिक स्टेरॉइडची, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या कृत्रिम भावंडांची. यांनी स्नायू खरोखर वाढतात. म्हणून तर मोह मोठा. पण बाहेरून संप्रेरक मिळू लागले, की मेंदू वृषणांना काम थांबवण्याचा निरोप देतो. वृषणे आकसतात, शुक्राणू घटतात. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचे काही प्रमाणात स्त्री-संप्रेरकात रूपांतर होऊन छातीवर स्तनांसारखी वाढ होते. मर्दानी दिसण्याच्या खटाटोपाचा हा शेवट क्रूर म्हणावा असा. तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या यकृताला सोसत नाहीत. चांगले कोलेस्टेरॉल घसरते, हृदयाच्या भिंती जाड होतात.

या सगळ्याचा व्यापार चालतो कसा? मेफेन्टरमाइन औषधविक्रीच्या नियमांनुसार केवळ चिठ्ठीवर द्यायचे औषध आहे. तरीही काही प्रकरणांत ते ऑनलाइन मागवून किरकोळीत चढ्या दराने विकले गेल्याचे पोलीस तपासात पुढे आले. विकणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो, साठा जप्त होतो, चार दिवस बातमी चालते. अन्न व औषध प्रशासनाची नजर दुकानांवर असते. जिमच्या लॉकरपर्यंत ती क्वचितच जाते. रीतसर दुकानातला प्रथिनांचा डबा तरी निर्धास्त असावा, तर तेही नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय तपासणीत प्रथिनांच्या ३६ पावडरींपैकी सुमारे सत्तर टक्क्यांवर लिहिलेले प्रथिनांचे प्रमाण आणि आतले प्रमाण जुळले नाही.

घरच्यांना आणि खोलीतल्या सोबत्यांना काही खुणा ओळखता येण्याजोग्या असतात. रात्र रात्र जागरण, अन्नावरची वासना उडणे, हातांना कंप, विनाकारण संशय आणि भडकणे, पाठीवर-खांद्यावर एकाएकी उठलेली पुरळे, सुईच्या खुणा लपवण्यासाठी लांब बाह्या. छातीत धडधड होऊन तरुण रुग्णालयात पोहोचतो, तेव्हा तो बहुधा व्यायाम जास्त झाल्याचे सांगतो. पोलिसांचे भय, जिममधल्या मित्रांचा संकोच आणि वडिलांचा धाक या तिन्हींमुळे इंजेक्शनचा उल्लेख येत नाही. डॉक्टरांना मात्र नाव, मात्रा आणि वेळ कळली, तरच हृदयाचा आलेख नीट वाचता येतो व द्यायचे औषध ठरवता येते. सोबत रिकामी बाटली आणली तर अधिकच बरे. स्टेरॉइड बऱ्याच काळ घेतलेल्याने ती मनानेच एकदम थांबवली, तरी शरीराचे स्वतःचे संप्रेरक जागे व्हायला कित्येक महिने लागतात. त्या काळात येणारी खिन्नता इतकी खोल असू शकते, की अनेक जण केवळ तिच्यापायी पुन्हा सुईकडे वळतात. अशा वेळी संप्रेरकतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांचीही गरज पडते.