चाहत्यांच्या फौजा आणि 'मूर्ख' मतदार

आमच्या स्टाफरूममध्ये एकदा फिलिपिन्सचा विषय निघाला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "अडाण्यांच्या हातात मोबाईल दिला की असेच राज्यकर्ते निवडून येणार." मी गप्प राहिलो. पण वाक्य मनाला लागले. माझी आई आजही अंगठा उठवते आणि मी घरातला पहिला पदवीधर. म्हणून तिथे खरोखर काय घडले, ते पाहणे मला भाग पडले.

फिलिपिन्समध्ये चाहत्यांचे तट जुने आहेत. १९७० च्या दशकात नोरा ऑनर आणि विल्मा सांतोस या अभिनेत्रींच्या चाहत्यांत उभे वैर होते. नोरा रेल्वे स्टेशनवर पाणी विकलेली, सावळी मुलगी. गोऱ्या, मिश्रवंशीय चेहऱ्यांच्या पडद्यावर ती आली आणि गरिबांना स्वतःचा चेहरा दिसला. तेव्हा चाहता होणे हा निव्वळ खुळेपणा नव्हे. आपलीही कुणी दखल घ्यावी, ही भूक त्यामागे असते.

या भुकेला पुढे मोबाईल मिळाला. मोबाईल कंपन्यांशी करार करून फेसबुक तिथे फुकट दिले गेले. बाकीच्या इंटरनेटला मात्र पैसे. म्हणजे बातमीचा मथळा फुकट दिसणार, पण ती उघडून खरेखोटे तपासायचे तर खिशात हात घालावा लागणार! भारतात दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०१६ मध्ये असल्या भेदभावाच्या दरांना मनाई केली. तिथे तसे झाले नाही.

२०१५ मध्ये 'ईट बुलागा' या दूरदर्शन कार्यक्रमातील आल्डेन रिचर्ड्स आणि मेन मेंडोझा ही जोडी गाजली. चाहते रोज ठरलेला हॅशटॅग लिहीत, इतरांना जमवीत, आकडा चढवीत. २४ ऑक्टोबर २०१५ च्या कार्यक्रमाच्या हॅशटॅगवर चार कोटींच्या आसपास ट्वीट झाले. हे निरुपद्रवी प्रेम होते. पण जमाव उभा करण्याची कला त्यातून अंगवळणी पडली.

२०१६ मध्ये रोद्रिगो दुतेर्ते अध्यक्षपदी निवडून आले, तेव्हा हीच कला राजकारणात उतरलेली दिसली. 'डीडीएस' ही दावाओ शहरातील मारेकरी टोळीच्या नावाची अक्षरे. 'कट्टर दुतेर्ते समर्थक' असा अर्थ लावून चाहत्यांनी ती अभिमानाने मिरवली. नृत्यपथकातून पुढे आलेली, फेसबुकवर लाखो अनुयायी असलेली मोचा उसोन २०१७ मध्ये सरकारच्या जनसंपर्क खात्यात अधिकारपदावर बसली. अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत, सरकारी आकड्यांनुसारच, ६,००० हून अधिक माणसे मारली गेली. त्यांतली बहुतेक गरीब वस्त्यांतली होती. याबद्दल प्रश्न विचारणाऱ्या पत्रकार मारिया रेसा यांच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. २०२१ मध्ये त्यांनाच शांततेचे नोबेल मिळाले.

मग दोष अडाण्यांचा? तिथला सुशिक्षित वर्ग गरिबांना 'बोबोतांते', म्हणजे मूर्ख मतदार, म्हणतो. परंतु २०१६ च्या मतदानोत्तर पाहणीत दुतेर्तेंना पाठिंब्याचे प्रमाण वरच्या व मध्यम वर्गात अधिक होते. जोनाथन ओंग व जेसन काबान्येस यांचा २०१८ चा अभ्यास सांगतो की, खोट्या प्रचाराचे सूत्रधार जाहिरात आणि जनसंपर्क क्षेत्रातील शिकलेसवरलेले लोक होते. अपप्रचार हा त्यांचा धंदा होता, आणि बदनामी मात्र झोपडपट्टीच्या वाट्याला आली.

२०२२ मध्ये लेनी रोब्रेदो यांच्या बाजूने कोरियन संगीताचे चाहतेही संघटित झाले. त्यांनी निधी जमवला, प्रचार केला. म्हणजे हत्यार एकाच पक्षाच्या हाती राहत नाही. तरीही १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारणाऱ्या मार्कोस यांचा मुलगा ३ कोटींहून अधिक मते घेऊन जिंकला. रोब्रेदो यांना दीड कोटी मिळाली. गरिबाला मूर्ख म्हणून त्याचे मत कसे मिळणार? मार्च २०२५ मध्ये दुतेर्तेंना अटक करून हेगला नेले. मे महिन्यात ते कोठडीत असतानाच दावाओने त्यांना महापौर निवडले.

माझी आई अंगठा उठवते, पण उमेदवार दारात आला की विचारते, "नळाचं काय झालं?" निष्ठेने बांधलेला चाहता, मग तो कितीही शिकलेला असो, आपल्या नेत्याला हा प्रश्न विचारीत नाही. तो विचारण्याची सवय कुणाला आहे आणि कुणाची सुटली आहे, हे आपण शिक्षकांनी आधी स्वतःच्या स्टाफरूममध्ये पाहावे.