बंदीच्या दिवसांत आमच्या घरी काय वाचलं जातंय

१ जूनला ट्रॉलर धक्क्याला लागले, खलाशी आपापल्या गावी गेले. आता ३१ जुलैपर्यंत एकसष्ट दिवस. इंजिन उघडून ठेवलंय, जाळी ओसरीवर पसरलीत आणि पाऊस काही थांबत नाही. दिवसभर हाताला काम असतं हो, पण संध्याकाळी सातनंतर माणसानं करायचं काय? मोबाइल बघून बघून डोळे जातात. म्हणून यंदा आमच्या घरात वाचन सुरू झालं. तुम्हीही सांगा तुमच्याकडे काय चाललंय ते. आमचं मी सांगतो.

मुलीनं पुस्तक आणलं, ‘एका कोळियाने’. नाव वाचून मला वाटलं, शाळेतली ती जाळं विणणाऱ्या कोळ्याची कविता असणार. पण हा कोळी आपल्यातला निघाला. हेमिंग्वे नावाच्या अमेरिकन लेखकाची १९५२ सालची गोष्ट, क्युबाच्या किनाऱ्यावरची. मराठीत आणली पु. ल. देशपांड्यांनी. बारीकसं पुस्तक आहे, घाबरू नका.

बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, दुसऱ्याचं बाकी. त्यामुळे मी मोठ्यानं वाचायचं, बाबांनी ऐकायचं. ऐकता ऐकता हात जाळ्यावर. जाळं विणायला त्यांना डोळे लागत नाहीत.

गोष्ट साधी. सांतियागो नावाचा म्हातारा, चौऱ्याऐंशी दिवस एक मासा नाही. पंच्याऐंशीव्या दिवशी एकटाच लांब खोल पाण्यात जातो. आमिष लावून गळ सोडतो चाळीस, पंचाहत्तर, शंभर आणि सव्वाशे वावांवर. हे वाचताच बाबांचे हात थांबले. ‘परत वाच’ म्हणाले. परत वाचलं. मान हलवली. लेखकाला वाव कळतो म्हटल्यावर पुढचं ऐकायला हरकत नाही, असा त्यांचा एकूण चेहरा.

शंभर वावांवरच्या गळाला मार्लिन लागतो. होडी सोळा फुटी आणि मासा अठरा फुटी! म्हातारा दोर होडीला बांधत नाही, पाठीवरून घेऊन हातात धरतो. माझ्या मुलीनं विचारलं, बांधला असता तर? बाबा म्हणाले, झटक्यासरशी दोर तुटला असता, हाताला सोडता येतं, लाकडाला येत नाही. पुस्तकातही तेच कारण आहे. मुलगी आजोबांकडे बघतच राहिली.

पण सगळं त्यांना पटलं असं नाही. ‘येकटोच कित्याक गेलो तो?’ हे चार वेळा तरी विचारून झालं. मासा मारल्यावर म्हातारा त्याचं वजन धरतो पंधराशे पौंड, म्हणजे पावणेसातशे किलोच्या वर. साफ केल्यावर दोन तृतीयांश उरेल, तीस सेंट पौंडाचा भाव, किती होतील? तिथं बाबा खो खो हसले. धक्क्याला लागायच्या आधी हिशेब करत नाही असा मासेमार मी बघितलेला नाही, म्हणाले. पुढे शार्क येतात. हा हिशेब कुठं जातो, ते तुम्हीच वाचा.

खरी गोष्ट मला सांगायची आहे ती सुरुवातीच्या पानांची. म्हाताऱ्याबरोबर एक पोरगा असतो, मानोलिन. चाळीस दिवस मासा मिळाला नाही म्हणून त्याचे आईबाप त्याला दुसऱ्या होडीवर पाठवतात. म्हातारा करंटा, त्याच्या नशिबाला कशाला लागायचं?

मंडळी, मी सतराव्या वर्षी बाबांची होडी सोडली. सलग दोन हंगाम वाईट गेले होते, घरात दोन बहिणी. आईनंच मला एका रात्री चुलीजवळ बसवून सांगितलं, ट्रॉलरवर जा, महिन्याला पगार तरी येईल. बाबांना आम्ही सांगितलं की मलाच जायचंय. बाबांनी काही विचारलं नाही. नंतर वर्षभर गळ घेऊन एकटेच जायचे. पुढे मी स्वतःचा ट्रॉलर घेतला, आई गेली, होडी विकली. त्या रात्रीबद्दल मात्र घरात कधी बोलणं झालं नाही.

तर ते पान वाचताना माझा आवाज बसला. पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो. परत आलो तर बाबा जाळ्याकडे बघूनच म्हणाले, ‘तुका आवशीन धाडलेलो. माका खबर आसा.’

कधीपासून, विचारलं. पहिल्या दिवसापासून, म्हणाले. आईला खोटं बोलता येत नव्हतं, जेवण वाढताना मान वर करत नसे तेव्हाच कळलं. मग बोलला का नाहीत? तर म्हणे, तिला वाटत होतं मला ठाऊक नाही, कशाला मोडायचं. एवढं बोलून ‘वाच पुढं’.

मी वाचलं पुढं. दुसरं काय करणार?

नऊ संध्याकाळी लागल्या पुस्तकाला. मध्ये दोनदा वीज गेली, तेव्हा बाबांनी आपल्याच गोष्टी सांगितल्या. त्यातली एक सुरमईची होती आणि त्या सुरमईची लांबी दर वर्षी वाढते. शेवट झाल्यावर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, पोरगा परत येणार म्हणतो ना म्हाताऱ्याच्या होडीवर? हो म्हटलं. आईबापांना विचारून? नाही, न विचारता. ‘बरं,’ म्हणाले.

बायको सध्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचतेय. माणदेशातले धनगर, पाऊस नाही, मेंढरं मरतात, वाडी ओस पडते. इथं छपरावर पावसाचा धबधबा चालू असताना दुष्काळ वाचायचा म्हणजे गंमतच. ती म्हणते, त्यांची मेंढरं तशी आपली मासळी, जितराब गेलं की माणूस उठतोच. मुलीनं ‘पाडस’ घेतलंय, राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं. हरणाच्या पिल्लाची गोष्ट आहे. पुढचं तिला सांगू नका.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. पणजीला पाटोवर मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ सालापासूनचं. इंजिनाचे सुटे भाग आणायला पणजीला जाताच, तेव्हा तिथंही डोकावा.

बाबांना आता दुसरं पुस्तक पाहिजे. अट एकच घातलीय, त्यात होडी नको. तुमच्याकडे काही असेल तर कळवा, आज संध्याकाळपर्यंत बघतो, नाहीतर ‘बनगरवाडी’च पहिल्या पानापासून मोठ्यानं सुरू करतो. बायकोची हरकत नाही, फक्त तिची खूण हलवायची नाही म्हणते.