बरगडीवर कडक गाठ? कापून टाकायची घाई नको

पोतं उचलताना लचक भरली, बैलानं ढुसणी दिली, गाडीवरून पडलो... छातीवर गाठ दिसली की आपल्याकडं कारण लगेच सापडतं. मग तेल लावून चोळणं, लेप, कुणी तर डागही देतं. बहुतेक गाठी साध्या असतात हे खरं. चरबीची गाठ मऊ असते, बोटानं ढकलली की सरकते. पण दगडासारखी कडक, बरगडीला चिकटलेली, वाढत जाणारी गाठ दुखो न दुखो, डॉक्टरला दाखवलीच पाहिजे.

बरगडीतच सुरू होणारा कॅन्सर दुर्मिळ. मोठ्या माणसांत त्यातला जास्त दिसणारा प्रकार कॉन्ड्रोसार्कोमा. बरगडी पुढं छातीच्या मधल्या हाडाकडं जाते तिथं तिचा शेवट मऊ कूर्चेचा असतो. ही गाठ बऱ्याचदा तिथंच धरते. कूर्चा साध्या एक्स-रेत नीट दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आला’ एवढ्यावर थांबू नका, सीटी स्कॅन लागतो. बरगडीच्या टीबीनंही अशी गाठ येते, त्यात पू साचतो. टीबीचा इलाज वेगळा, कॅन्सरचा वेगळा. नक्की काय ते तुकडा तपासल्यावरच कळतं.

तुकडा काढायचा म्हटलं की घरचे बिथरतात. सुई लावली की पसरतं म्हणे! सुई कुठून घालायची हे सर्जन आधीच ठरवतो, म्हणजे ती वाटसुद्धा ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर काढता येते. खरा धोका आहे तो ‘छोटीच आहे, काढून टाकू’ म्हणत तपासणीआधी अर्धवट कापण्यात. पेशी मागं राहतात, गाठ परत येते, दुसरं ऑपरेशन जास्त अवघड होतं. कॉन्ड्रोसार्कोमावर केमो आणि रेडिएशन फारसं चालत नाही, पहिलं ऑपरेशनच मुख्य इलाज. लहान मुलं आणि तरुणांत होणाऱ्या युइंग सार्कोमात मात्र आधी केमो देतात, ऑपरेशन नंतर.

ऑपरेशनमध्ये गाठीभोवतीचा चांगला भागही काढतात, आक्रमक गाठीत चार-चार सेंटीमीटर. दोन-तीन बरगड्या गेल्या तर? मोठी जागा तशीच सोडली तर श्वास घेताना तेवढी छाती फुगायच्या ऐवजी आत ओढली जाते. म्हणून तिथं जाळी, हाडाचं सिमेंट किंवा टायटॅनियमच्या पट्ट्या बसवतात आणि पाठीचा स्नायू फिरवून वर झाकतात. नंतर तीन गोळ्यांचं ते फुप्फुसाचं यंत्र रोज ओढायचं. दुखतं म्हणून पेशंट टाळतो, तिथं घरच्यांनी मागं लागावं.

हे काम मोठ्या कॅन्सर सेंटरचं, उदाहरणार्थ मुंबईत परळचं टाटा मेमोरियल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपलं ऑपरेशन त्यात बसतं का हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. जाताना रेशन कार्ड, आधार, जुने एक्स-रे, सीटीची सीडी न्या. आणि तुकडा आधी कुठं तपासला असेल तर नुसता रिपोर्ट नको, लॅबमधून काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. तिथं ते पुन्हा तपासतात.